नववं कलम

१७८४ च्या मार्चमध्ये सस्क्वेहाना नदीचा बर्फ फुटला आणि पार्मलींचं घर पायापासून उचलून घेऊन गेला. एल्नाथन पार्मलीनं त्यावर रडगाणं गायलं नाही. त्यानं नवे ओक पाडले, खांब तासले, तुळयांना खाचा पाडल्या, आणि मे महिन्यात घराचा सांगाडा उभा करायच्या दिवशी सगळ्या खोऱ्याला जेवायला बोलावलं.

सगळं खोरं म्हणजे खोऱ्यातले कनेक्टिकटवाले. पेन्सिल्व्हेनियावाला एकच आला होता, आणि तो एल्नाथनचा जावई होता.

"दाजी, जरा सांगा," शेजारचा जेड दोर ताणता ताणता म्हणाला, "हा खांब आमच्या राज्यात उभा करायचा की तुमच्या?"

लोक हसले. कॉनरॅड श्टाउफरही हसला, पण जरा उशिरा. तो गिरणीवाला माणूस, अंगानं दणकट. दोघांचं ओझं एकटा उचलत होता, तरी सकाळपासून त्याच्याशी कुणी दोन वाक्यं सलग बोललं नव्हतं. त्याची बायको लोइस चुलीवरून त्याच्याकडे बघत होती. खांबाला खांदा लावता लावता तो सारखा नदीकाठच्या रस्त्याकडे मान वळवत होता. तिला वाटलं, हाही असाहेलचीच वाट बघतोय.

असाहेल तिचा धाकटा भाऊ. एल्नाथननं त्याला अ‍ॅनापोलिसला पाठवलं होतं, नव्या अमेरिकेच्या तेरा राज्यांच्या काँग्रेसकडे.

भांडण जुनं होतं. इंग्रजांच्या राजांनी हे एकच खोरं दोघांना देऊन टाकलं होतं, कनेक्टिकटलाही आणि पेन्सिल्व्हेनियालाही. राजा गेला, भांडण राहिलं. दीड वर्षापूर्वी काँग्रेसनं नेमलेल्या पंचांनी निकाल दिला की खोरं पेन्सिल्व्हेनियाचं. एल्नाथननं तो टोपी काढून ऐकला होता. राज्य कुणाचं का असेना, शेत आपण साफ केलंय, शेत आपलं. शेताचा निकाल अजून लागायचा होता आणि तो कुणी लावायचा हे ठरलेलं होतं. तेरा राज्यांनी इंग्रजांशी लढाई चालू असताना एकमेकांशी जो मैत्रीचा करार केला, त्याच्या नवव्या कलमात ते आलं होतं. जेवणाआधीच्या प्रार्थनेनंतर एल्नाथन ते कलम घरच्यांना म्हणून दाखवायचा. दोन राज्यांच्या सनदांवरून माणसाच्या जमिनीचा वाद उभा राहिला, तर काँग्रेस त्याचा न्याय करील.

"करील," तो बोट वर करून म्हणायचा. "करू शकेल असं नाही. करील."

दोन बाजू उभ्या झाल्या, मधल्या तुळया बसल्या, आणि लोक फळ्यांवर जेवायला बसले. नदीतले शॅड मासे, खारवलेलं डुक्कर, मक्याची भाकरी. तेवढ्यात असाहेल आला. घोडा लंगडत होता, म्हणून तो लगाम धरून चालत होता. त्याची बायको पेशन्स दिवस भरत आलेलं पोट सावरत उठली, पण त्यानं तिला हातानंच बस म्हटलं.

"आधी जेव," एल्नाथन म्हणाला.

"आधी सांगतो, बाबा. जेवल्यावर सांगवणार नाही."

"बरं, सांग. न्यायासन कधी बसतंय?"

"बसत नाहीये."

एल्नाथननं सुरी खाली ठेवली. "काँग्रेसनं पुन्हा गाव बदललं की काय?"

"तिथंच आहे. पण मोठ्या कामाला नऊ राज्यं हजर लागतात. नऊ जमली की एक जण घरी निघून जातो. कुणाला ताप येतो, कुणाच्या गाईला वासरू होतं." असाहेल उभ्यानंच पाणी प्यायला. "आपल्या कनेक्टिकटचे एक प्रतिनिधी भेटले. माणूस चांगला. चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, न्यायासन नेमायचं जानेवारीतच ठरलंय. मग पेन्सिल्व्हेनियानं विचारलं, कुणाच्या जमिनी, कुठल्या जमिनी, आधी ते नीट सांगा. तिथं ते अडकलं."

"मग सोडवा म्हणावं."

"तेच म्हटलं. त्यावर ते मला विचारतात, पार्मली, समजा न्यायासन बसलं. समजा निकाल तुमच्या बाजूनं लागला. तो अमलात कोण आणणार?"

"कोण म्हणजे? काँग्रेस आणील."

"कशानं, बाबा? सैन्य घरी पाठवलं. पैसा राज्यांकडे मागावा लागतो, आणि मागितला की दिलाच पाहिजे अशी सक्ती करारात कुठंही नाही. ते म्हणाले, आम्ही फार तर पेन्सिल्व्हेनियाला पत्र लिहू."

"आणि पेन्सिल्व्हेनियानं ते बाजूला टाकलं तर?" जेडनं विचारलं.

"मग दुसरं पत्र."

शेजारच्या टॅबिथाकाकूनं मांडीवरच्या नातवाच्या तोंडातला मासा काढून काटा बघितला आणि परत दिला.

"करारात कमी असेल तर करार दुरुस्त करता येतो," एल्नाथन सावकाश म्हणाला.

"येतो. तेराच्या तेरा राज्यांनी हो म्हटलं तर. एक जरी नाही म्हणालं, तरी संपलं." असाहेल आता खाली बसला. "आणि बाबा, त्या तेरातलं एक पेन्सिल्व्हेनिया आहे."

एल्नाथनची बायको मेहिटेबल त्याच्याकडे बघत होती. थोरला मुलगा गिडियन सहा वर्षांपूर्वी याच खोऱ्यात, इंग्रजांच्या बाजूच्या टोळीशी लढताना पडला, त्या दिवशीही तिनं हा चेहरा असा पाहिला नव्हता. तेव्हा त्यात दुःख होतं. आज तो रिकामा होता. स्वतःच्या दारात उभं राहून आपण कुठं आलो हे माणसाला न कळावं, तसा.

तेव्हा कॉनरॅड उठला.

"मामा, जरा बाजूला येता का?"

"काय ते इथंच बोल. इथं कुणी परकं नाही."

कॉनरॅडनं सगळ्यांवरून नजर फिरवली. बोलायचं ठरवून आला होता, पण असं पन्नास माणसांपुढं नव्हे.

"उद्या सैनिक येणार आहेत. पेन्सिल्व्हेनियाचे. कनेक्टिकटच्या सनदेवर बसलेल्या सगळ्यांना खोऱ्याबाहेर काढायचं, डेलावेअर नदीच्या पलीकडे. त्यांच्या रसदीचं पीठ माझ्या गिरणीवर दळून गेलं, म्हणून मला कळलं."

"आणि तू दळून दिलंस," असाहेल म्हणाला.

"नसतं दिलं तर तुला आज तरी कोण सांगणार होतं?" कॉनरॅड त्याच्याकडे न बघता पुढं बोलत राहिला. "मामा, तुम्हाला जायची गरज नाही. हे शेत ज्या पेन्सिल्व्हेनियावाल्याच्या सनदेत येतं, त्याच्याकडून मी ते माझ्या नावावर खंडानं घेतलंय. तुम्ही माझी कुळं म्हणून राहा. नुसतं तोंडानं म्हणायचं. बाकी एक ढेकूळ इकडचं तिकडे होणार नाही."

लोइसच्या हातातली परात तिरकी झाली आणि भाकऱ्या गवतावर पडल्या.

"कधी घेतलंस?" तिनं विचारलं.

"लोइस, घरी बोलू."

"कधी?"

"पानगळीत."

पानगळीत तो दर रविवारी याच घरी जेवायला येत होता. बाबांनी नववं कलम म्हटलं की मान डोलवत होता. ती शेजारी बसलेली असायची आणि तिला वाटायचं, दुसऱ्या राज्याचा असूनही किती समजूतदार नवरा मिळाला.

"बापाचं शेत बापाच्या ताटावर बसून घेतलंस," ती हळू म्हणाली. आवाज चढला असता तर कॉनरॅडला बरं वाटलं असतं.

"वाचवलंय ते, घेतलेलं नाही. दुसरा कुणी घेणारच होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर मामांनी मला घरात घेतलं असतं?"

ते खरं होतं, आणि असाहेलला त्याचाच जास्त राग आला. "दाजी, चालते व्हा इथून," तो म्हणाला. "गिडियनच्या थडग्यासकट खंडानं घेतलंत ना? भाडं किती लावलंय त्याचं?"

"असाहेल, गप्प बस." बोलली ती मेहिटेबल. सगळे चमकले, कारण चार माणसांत ती मुलाला असं कधी बोलत नसे. ती नवऱ्याकडे वळली. "अहो, हो म्हणा."

"हिटी, काय बोलतेस तू?"

"पेशन्सकडे बघा. डोंगर, दलदल, एवढी वाट चालेल ती? पोर कुठं होईल तिचं, झाडाखाली? काँग्रेस येणार आहे का गरम पाणी घेऊन?"

असाहेलनं बायकोकडे बघितलं. पेशन्सनं मान खाली घातली होती. "मला रस्त्यावर नाही व्हायचं," एवढंच ती म्हणाली. घरातल्या घरात रेघ कुठं पडली हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. आई आणि बायको एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला, आणि ताई कुठंच नाही.

लोकांनी मग ताटं तशीच टाकून आपापल्या घरची वाट धरली. वासे जमिनीवर पडून राहिले.

सैनिक दुसऱ्या दिवशी आले, ऊन चांगलं वर आल्यावर. बंदुकांना संगिनी लावलेल्या. त्यांनी वरच्या अंगापासून सुरुवात केली होती. पार्मलींच्या कुंपणाशी पोचेपर्यंत त्यांच्यापुढं माणसांची रांग लागली होती, पाठीवर गोधड्या, काखेत कोंबड्या. गाड्या घेऊ देत नव्हते. त्यांनी जी वाट नेमून दिली होती तिच्यावर गाडी चालणारच नव्हती.

त्यांचा अधिकारी तिशीतला, सभ्य चेहऱ्याचा होता. त्यानं एल्नाथनला नमस्कारही केला. एल्नाथन उभ्या केलेल्या दोन खांबांच्या मधे, दार येणार होतं तिथं उभा राहिला आणि त्यानं नववं कलम म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. अधिकाऱ्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं.

"बरोबर आहे, आजोबा. असंच लिहिलंय."

"मग?"

"मग काही नाही. मला हुकूम आहे."

"काँग्रेसचा?"

"काँग्रेस कुणाला हुकूम देते?" तो कुचेष्टेनं बोलला नाही, खरंच विचारल्यासारखं बोलला. त्याची नजर असाहेलच्या अंगातल्या जुन्या निळ्या कोटावर गेली. "यॉर्कटाऊनच्या लढाईत होतास?"

"होतो."

"मीही होतो. खंदकात गुडघाभर चिखल, आठवतोय?"

असाहेल त्याच्याकडे बघतच राहिला. त्या खंदकात शेजारचा माणूस कुठल्या राज्याचा हे कुणी विचारत नव्हतं. आणि त्यातलाच एक आज संगीन घेऊन त्याच्या बापाच्या दारात आला होता.

"कोट तोच आहे की रे तुझा," असाहेल म्हणाला.

"कोट तोच आहे. त्या लढाईचा पगार काँग्रेसनं तुला दिला का? मलाही नाही. आता पेन्सिल्व्हेनिया देतं, आणि मला दोन मुलं आहेत." तो पुन्हा एल्नाथनकडे वळला. "चला, आजोबा. ऊन वाढायच्या आत निघालेलं बरं."

कॉनरॅड पुढं झाला. "साहेब, ही जमीन माझ्या नावावर आहे. ही माणसं माझी कुळं आहेत."

अधिकाऱ्यानं त्याच्याकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. "तुमच्या तोंडून ऐकायला हवं, आजोबा. तुम्ही पेन्सिल्व्हेनियाच्या सनदेखाली, यांचं कूळ म्हणून इथं राहता?"

रांग थांबली होती. टॅबिथाकाकू नातवाला कडेवर घेऊन उभी होती. जेड उभा होता. सगळं खोरं ऐकत होतं.

एल्नाथननं पेशन्सकडे बघितलं. ती तासलेल्या एका तुळईवर बसली होती, दोन्ही हात पोटावर.

"हो," तो म्हणाला. "मी कॉनरॅड श्टाउफरचं कूळ आहे. माझी बायको, माझी सून, आम्ही सगळे."

जेड मातीत थुंकला. असाहेलचं तोंड उघडं राहिलं. बाबा मरतील पण हे म्हणणार नाहीत, यावर त्यानं प्राण पैजेला लावले असते. तो आत गेला, म्हणजे जिथं आत असायला हवं होतं तिथं, आपलं गाठोडं उचललं आणि रांगेत जाऊन उभा राहिला. जाताना पेशन्सच्या केसांवर हात ठेवला. बापाकडे वळून पाहिलं नाही.

अधिकाऱ्यानं मान हलवली. "मग तुम्ही राहू शकता."

रांग पुन्हा चालू लागली. ती अर्ध्याच्या वर पुढं गेली असेल, तेव्हा एल्नाथननं पुरानंतर बाजूला उभारलेल्या झोपडीतून टोपी आणि काठी आणली.

"अहो, हे काय?" मेहिटेबल म्हणाली.

"जमीन कॉनरॅडची झाली. मी सर्वांसमक्ष तसं म्हटलंय. तू आणि पोरगी आता सुखरूप आहात." त्यानं टोपी घातली. "मी कूळ म्हणून नाही राहू शकत, हिटी. म्हणू शकलो, तेवढं पुष्कळ झालं."

मेहिटेबलनं त्याला अडवलं नाही. तिनं त्याच्या खिशात भाकरीचं फडकं कोंबलं आणि त्याचा कोट उगाचच नीट केला. त्याच्याबरोबर जावं असं तिला आतून फार वाटलं; पण पेशन्स तुळईवर बसली होती.

तो दिसेनासा झाल्यावर कॉनरॅड लोइसकडे आला. "चल घरी."

"मी इथंच राहणार, आईजवळ." लोइस खाली पडलेली भांडी गोळा करत होती. "तू पीठ आणत जा. कुंपणाशी ठेवत जा."

"लोइस, माझं चुकलं कुठं ते तरी सांग. आज तुझी आई इथं आहे ती माझ्यामुळेच ना?"

"तुझ्यामुळेच," ती म्हणाली. "म्हणून तर पीठ आण म्हणते."

वाट वाईट होती. डोंगर, मग सूर्य न दिसणारी दलदल, त्यात पाइनची कुजलेली खोडं. टॅबिथाकाकूच्या नातवाला दलदलीत ताप चढला आणि पलीकडच्या उतारावर तो गेला. पुरायला माती मऊ होती, एवढंच. एल्नाथननं टोपी काढली, पण प्रार्थना म्हणायला त्याला शब्द सापडेनात. जेडनं म्हटली. त्यानंतर जेड त्याच्याशी पुन्हा बोलू लागला.

असाहेल बापाच्या मागेपुढे चालत होता, पण डेलावेअर नदी दिसेपर्यंत बोलला नाही. तिथं लोक पांगले. काही जण कनेक्टिकटच्या वाटेला लागले. काही तरण्यांनी ठरवलं की चोरून परत फिरायचं आणि या वेळी बंदुका घेऊन.

"मीही जातोय त्यांच्याबरोबर," असाहेल म्हणाला. "तुम्ही कनेक्टिकटला आत्याकडे जा. पैलतीराला नेणारी नाव आहे."

"तू पेशन्सकडे जा. बंदूक घेऊन नको, बाप म्हणून जा. मी अ‍ॅनापोलिसला चाललोय."

असाहेलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "बाबा, मी जाऊन आलोय. सांगितलं ना सगळं? माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. तू सांगितलंस ते खरंच असणार." एल्नाथन नदीकडे बघत होता. "पण गिडियन त्या तेरा राज्यांसाठी गेला, असं मी तुझ्या आईला सांगितलंय. सहा वर्षं सांगतोय. ते मला एकदा डोळ्यांनी बघायला हवं, की तिथं नक्की काय आहे."

तो दक्षिणेला वळला. वाटेत लोकांनी त्याला गाडीत घेतलं, गोठ्यात झोपू दिलं. पेन्सिल्व्हेनियाचेच लोक ते. खोऱ्यातून बायकापोरांना संगिनींच्या धाकानं हाकललं हे ऐकून ते हादरत, आणि आमच्या सरकारनं असं केलं असेल हे खरं वाटत नाही, म्हणत. एका बाईनं त्याचे फाटलेले बूट नवऱ्याच्या बुटांशी बदलून दिले.

अ‍ॅनापोलिसला तो जून सरता सरता पोचला. काँग्रेस उन्हाळ्यापुरती उठली होती, पण मागं काम बघायला दर राज्याचा एक माणूस अशी समिती ठेवली होती, असं त्याला रस्त्यात कुणीतरी सांगितलं. सभागृहाचं दार उघडं होतं. आत खुर्च्या मांडलेल्या. त्यातल्या थोड्याच खुर्च्यांवर माणसं बसली होती आणि खिडक्या उघड्या असूनही उकाड्यानं घामाघूम झाली होती.

एल्नाथन दारात दिसला तसा त्यातला एक जण झटकन उठला. धुळीनं माखलेला, दूरवरून आलेला, वयस्कर, भारदस्त माणूस बघून त्याचा चेहरा उजळला.

"या, या. कुठल्या राज्याचे आपण?"

"कनेक्टिकटचा," एल्नाथन म्हणाला. खोऱ्यात येऊन पंधरा वर्षं झाली तरी तोंडातून तेच आलं.

"कनेक्टिकट आलं," तो माणूस बाकीच्यांकडे वळून म्हणाला, आणि ते सगळे उठून उभे राहिले. कुणी खुर्ची ओढून दिली. "किती दिवस वाट बघतोय आम्ही. कोरमच होत नव्हता. नेमणुकीचं पत्र आणलं असेलच आपण?"

"मला कुणी नेमलेलं नाही," एल्नाथन म्हणाला. "मी सस्क्वेहानाकाठचा शेतकरी आहे. गाऱ्हाणं घेऊन आलोय."

ते एकेक करून खाली बसले. ज्यानं खुर्ची दिली होती, त्यानं ती परत घेतली नाही. म्हणाला, "बसा तरी. सांगा. आम्हालाही दुसरं काम नाही."

एल्नाथननं सांगितलं. बर्फ, सांगाडा, सैनिक, कुळाचं बोलणं, दलदल. टॅबिथाकाकूच्या नातवाचं नाव त्यानं सांगितलं, इझ्रा. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. तो थांबल्यावर एकानं डोळ्यांवरून हात फिरवला, आणि त्याला खरोखर धक्का बसला होता हे एल्नाथनला दिसलं.

"मग आता काय करणार तुम्ही?" एल्नाथननं विचारलं.

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी खुर्ची देणारा बोलला, फार सांभाळून, जसं आजारी माणसाशी बोलतात तसं.

"आजोबा, तुम्ही सांगितलंत ते आम्ही माणसं म्हणून ऐकलं. समिती म्हणून नाही. नऊ राज्यं हजर असल्याशिवाय समिती भरत नाही. करारानुसार बघितलं तर आत्ता या खोलीत कुणीच नाहीये."

एल्नाथननं खोलीभर बघितलं. कपाळावरचा घाम, सैल केलेले गळपट्टे, टेबलावर अर्धवट खाल्लेली चेरी.

"तुम्ही तर मला दिसताय," तो म्हणाला.

तो कनेक्टिकटच्या खुर्चीवरून उठला, ती होती तशी टेबलाशी सरकवून ठेवली, आणि खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसला.

"कधी येतील बाकीचे?"

"सांगता येत नाही."

"मी थांबतो," एल्नाथन म्हणाला, आणि त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली.